महिन्याचा मानकरी

लोक नोकरी का सोडतात, हे मला कुणी शिकवू नका. येरवड्याजवळच्या एका हॉटेलात मी एचआरला होते. तिथे दर महिन्याला कुणीतरी जायचं आणि आमचे मॅनेजर म्हणायचे, "ही पोरं टिकतच नाहीत."

मी म्हटलं, "सर, कधी कौतुक केलंत त्यांचं?" आणि भांडून रिसेप्शनशेजारी बोर्ड लावून घेतला, 'महिन्याचा मानकरी'. त्यावर फोटो, नाव आणि त्या माणसाचा कशात हात धरणारं कुणी नाही, ते.

पहिले मानकरी तंदूरवाले वानखेडे. पंधरा दिवसांत राजीनामा. मग रिसेप्शनची प्रिया, तिचाही राजीनामा. तिसऱ्याने तर केक खाऊन दुसऱ्याच दिवशी दिला. सर म्हणाले, "मॅडम, आता आणखी एक गेला, तर बोर्डाबरोबर तुम्हीही."

म्हणून चौथ्या वेळी मी हाउसकीपिंगच्या शेलारताईंना निवडलं. बारा वर्षं इथेच, कुठे जाणार? फोटो लागल्याच्या चौथ्या दिवशी ताई राजीनामा घेऊन समोर उभ्या.

"ताई, तुम्हीसुद्धा?"

"अहो, समोरच्या हॉटेलचा मॅनेजर दर एक तारखेला आपल्याकडे चहाला येतो. बोर्डाचा फोटो काढतो, मग त्या माणसाला फोन करतो."

"आणि हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं," ताई शांतपणे म्हणाल्या, "तर माझा नंबर लागायच्या आत तुम्ही बोर्ड उतरवला असता."