पाद्रीबाबांचा आवाज

ओदिल : आत जाऊ नका म्हणते ना! रॅडफर्डचं रीळ अजून आलेलं नाही. खाली कॅफेत जा, कॉफी घ्या, दुपारी या.

बुस्के : ओदिलबाई, आठ वर्षं मी या स्टुडिओत येतोय. आठ वर्षांत तुम्ही मला एकदाही कॉफी प्यायला पाठवलेलं नाही. उलट कॉफीनं घसा खरखरतो आणि त्या अमेरिकन काउबॉय रॅडफर्डला माझा घसा लागतो, म्हणून हातातला कप काढून घेतलात. आज एवढी माया कुठून उतू चाललीय?

ओदिल : आज जरा थंडी आहे.

बुस्के : मे महिना आहे. सरका बाजूला. पडद्यावर काय लावलंय ते तरी... अहो, हा तर मी!

ओदिल : हो. तुम्हीच.

बुस्के : हा माझा पाद्री! गिरणीवाल्याची बायको मरते तो प्रसंग. मग माझ्या तोंडाखाली ही पट्टी का सरकतेय? पट्टी अमेरिकन लोकांच्या तोंडाखाली असते. ते इंग्रजीत बडबडतात, तुम्ही त्यांच्या ओठांवर बसतील असे फ्रेंच शब्द हातानं पट्टीवर लिहिता, आणि मी ते वाचून म्हणतो. मी तर आधीच फ्रेंच बोलतोय!

ओदिल : बुस्के, तुम्ही आधी बसा बघू.

बुस्के : उभा आहे तो बरा आहे.

ओदिल : तुमच्या पाद्रीला दुसऱ्याचा आवाज लावायचाय. अकरा वाजता बेर्निए येतोय. मला काल सांगितलं. काल दुपारपासून मी हीच पट्टी लिहीत बसलेय. अक्षर बघा किती घाण आलंय माझं.

बुस्के : बेर्निए? सरकारी नाटकगृहातला? 'जरा मीठ द्या' म्हणाला तरी कुठलातरी राजा वारल्यासारखं वाटतं, तो?

ओदिल : तोच. हे बघा, निर्माते आलेच. प्रुव्होसाहेब, यांना कळलंय.

प्रुव्हो : कळू दे. कधीतरी कळायचंच होतं. अहो बुस्के, असं तोंड करू नका. तोंड तुमचंच राहणार आहे. मी फक्त आवाज काढतोय.

बुस्के : का पण? तीस वर्षांत पहिल्यांदा माझा चेहरा पडद्यावर आला. तीस वर्षं मी 'पाठमोरा पोलीस' आणि 'दुसरा प्रवासी' करतोय. अन् एकदा माणसासारखी भूमिका मिळाली तर...

प्रुव्हो : ऑर्लेआंला काय झालं ते सांगतो, मग रागवा. शनिवारी तिथं सिनेमा लोकांना दाखवून बघितला. सहाशे माणसं. पहिली चाळीस मिनिटं बायका रुमाल हातात घेऊन बसल्या होत्या. माझ्या शेजारचा नगरसेवकसुद्धा नाक ओढत होता. मग तुम्ही दारातून आत आलात. झगा, जपमाळ, सगळं झकास. आणि तोंड उघडलंत, 'घाबरू नकोस, मुली.' बाल्कनीतून एक जण ओरडला, 'फादर, घोडा कुठे बांधलात?' संपलं! ती बिचारी मरतेय आणि सहाशे माणसं पोट धरून हसतायत. तिनं प्राण सोडला तेव्हा कुणीतरी तोंडानं गोळीबार काढला.

बुस्के : यात माझा काय गुन्हा? त्या रॅडफर्डला साधं बोंजूर येत नाही. त्याच्या आवाजावर या देशातल्या बायका जीव टाकतात, तो आवाज माझा आहे!

प्रुव्हो : होता. आता तो त्याचा झाला. मुलगी सासरी दिली की तिच्यावर हक्क सांगता येतो का?

बुस्के : खरंय म्हणा. बेकरीत पाव मागितला तर रांगेतली माणसं वळून आधी माझ्या कमरेकडे बघतात. पिस्तूल आहे का म्हणून.

प्रुव्हो : आणि डोळ्यांचं काय? सेटवर सगळी वाक्यं तुम्ही खाली, डाव्या कोपऱ्यात बघत म्हटलीत.

बुस्के : सवय हो. पट्टी तिथंच असते.

प्रुव्हो : तिथं पट्टी नव्हती, मरणाऱ्या बाईची उशी होती! नशीब, दिग्दर्शकाला ती नम्रता वाटली. एका समीक्षकानं तर आताच लिहून ठेवलंय, 'ईश्वरापुढे लवलेली दृष्टी.' त्याला म्हणावं, ईश्वर नाही, आमच्या ओदिलबाईंचं अक्षर.

ओदिल : ओठही हलत नाहीत यांचे. रॅडफर्ड दातांतून बोलतो, तेच वळण यांना लागलंय. त्या ओठांवर कुणाचं काहीही बसतं. मी काल मनात म्हटलं, आवाज बदलणाऱ्यांचं कामच सोपं केलंय यांनी.

बुस्के : ओदिलबाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?

ओदिल : मी पट्टीच्या बाजूची. पण तुमच्यासाठी वाईट वाटतंय, ते खरं आहे.

बुस्के : साहेब, दुसरं काहीही करा. प्रसंग अर्धा छाटा. नावांच्या यादीतून माझं नाव काढून टाका. पण आवाज बदलू नका.

प्रुव्हो : नट म्हणतोय नाव काढा? ओदिलबाई, डॉक्टरला फोन लावा.

बुस्के : थट्टा नको. माझी आई दक्षिणेत, काओरला असते. ब्याऐंशी वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली, ती काही परत येणार नाही. पुढच्या महिन्यात गावच्या थिएटरात हा सिनेमा लागणार. तिनं पहिल्या रांगेतली खुर्ची आत्ताच सांगून ठेवलीय. तीस वर्षं मला विचारत आलीय, 'नट झालास ना रे एमिलियन, मग दिसत कुठे नाहीस?' आता मी दिसणार, तर तिलाच दिसत नाही. उरला होता आवाज. त्या अंधारात बसून तिनं बेर्निएला ऐकायचं? तिच्या लेखी मी या सिनेमातसुद्धा नसणार.

प्रुव्हो : हे आधी बोलला नाहीत.

बुस्के : आधी कुणी माझा आवाज चोरत नव्हतं.

प्रुव्हो : मग त्या रॅडफर्डचे सिनेमे ऐकायला का जात नाहीत? त्यात दीड तास तुम्हीच असता.

बुस्के : गेली होती एकदा. बाहेर येऊन म्हणाली, 'यात तू नाहीस रे. कुणाची तरी दाढ दुखतेय.'

प्रुव्हो : बाई शहाणी आहे! मग माझं ऐका. पाद्रीचा आवाज तरी तिनं कुठे ओळखला असता? ऑर्लेआंला वाजली ती तीच दाढ होती. आम्ही आवाज बदलला काय, न बदलला काय, म्हातारीला तुम्ही भेटणार नव्हताच.

ओदिल : साहेब! असं तोंडावर बोलतात का?

बुस्के : बोलू द्या, बाई. बरोबर बोलताहेत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ओदिल : मग तिला ओळखू येईल असं बोला. पॅरिसला येण्याआधी बोलत होतात ना काहीतरी? का मुके होतात?

बुस्के : ते बोलणं इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात काढून घेतलं. नाट्यशाळेत मास्तरांनी माझं पहिलं वाक्य ऐकलं, खिशातून बाटलीचं बूच काढलं आणि म्हणाले, 'हे दातांत धरा. तोंडातला गाव जाईपर्यंत काढायचं नाही.' दोन वर्षं बूच धरून शोकांतिका घोकल्या. गाव गेला. बूच राहिलं.

प्रुव्हो : मास्तरांनी योग्यच केलं. दक्षिणेची बोली पॅरिसात ऐकली की लोक आधी हसतात, मग विचारतात काय म्हणाला. आमच्या सिनेमात त्या बोलीत खानावळवाला बोलतो, मासेवाली बोलते, फार तर पोस्टमन. देव त्या बोलीत बोलत नाही.

ओदिल : थांबा, फाटकावरून फोन आहे... हो. हो का? बरं. साहेब, बेर्निए खाली आलेत. पण लिफ्ट बंद पडलीय, आणि ते जिने चढत नाहीत.

प्रुव्हो : तीन मजले तर आहेत!

ओदिल : करारात लिहिलंय म्हणतात. राजाच्या भूमिकेत असले तरच चढतात. दुरुस्तीवाला यायला दहा मिनिटं लागतील.

बुस्के : साहेब, ती दहा मिनिटं मला द्या.

प्रुव्हो : घ्या. नाहीतरी मी इथं उभा राहून लिफ्टचीच वाट बघणार.

ओदिल : चला, माइकसमोर उभे राहा. पट्टी चालू करतेय. तुमची ओळ आली की...

बुस्के : 'घाबरू नकोस, मुली. दार उघडंच आहे.'

प्रुव्हो : घोडा आला.

ओदिल : पुन्हा.

बुस्के : 'घाबरू नकोस, मुली...'

प्रुव्हो : आता घोडा उतरून नाटकात शिरला. उगीच वेळ घालवू नका.

ओदिल : पट्टी बंद करते मी. खाली कोपऱ्यात बघायचं नाही आता, त्या मरणाऱ्या बाईकडे बघा. बुस्के, जेवायची वेळ झाली की आई तुम्हाला कशी हाक मारायची?

बुस्के : ते आता काय...

ओदिल : सांगा म्हणते ना.

बुस्के : 'आरं ए येमिल्या! सूप गार हुतंय, आन् तू नदीत काय डुंबतुयास?'

ओदिल : आणि तुम्ही काय म्हणायचात?

बुस्के : 'आलू गं आये. पाय तं वाळू दे.'

ओदिल : तसंच. तोंडातलं बूच काढा आणि बोला.

(दिवे मालवतात. पडद्यावर पाद्री दारातून आत येतो आणि खाटेशी टेकतो.)

बुस्के : 'भिऊ नगंस, पोरी. दार उघडंच हाय. कड्या लावायची खोड आपल्याला, त्याला न्हाई. तू निस्तं उंबऱ्यापतुर ये. म्होरं त्यो हात धरंल. तुझ्या लेकराला मी बघतो, गिरणीलाबी बघतो. नीज आता. लई दमलीस.'

(रीळ संपतं. पडदा पांढरा होतो.)

बुस्के : झालं माझं. दिवे लावा की. एवढं वाईट झालं?

ओदिल : नाक पुसू द्या जरा.

बुस्के : प्रुव्होसाहेब?

प्रुव्हो : या खोलीत धूर फार होतो. कितीदा सांगितलं, खिडकी करा म्हणून.

ओदिल : इथं कुणीच सिगारेट ओढत नाहीये, साहेब.

प्रुव्हो : मग पडद्याचा उजेड असेल. बुस्के, मी उत्तरेतल्या लीलचा. माझी आजी कोळशाच्या खाणीवरच्या बोलीत बोलायची, इथं कुणाला एक शब्द कळला नसता. ती गेली तेव्हा जवळ बसलेला पाद्री असाच बोलत होता. तिथल्या बोलीत, पण असाच.

बुस्के : मग घेताय ना?

प्रुव्हो : नाही.

ओदिल : अहो, रडलात तुम्ही आत्ता!

प्रुव्हो : मी रडलो म्हणून काय झालं? मी तिकीट काढत नाही. पॅरिसच्या बड्या थिएटरात हा पाद्री 'भिऊ नगंस' म्हणाला की पुढच्या वाक्याआधी हशा पडेल. पहिल्यांदा काउबॉय म्हणून हसले, आता खानावळवाला म्हणून हसतील. तुम्हाला सोसवेल ते?

बुस्के : न सोसवून करतो काय.

प्रुव्हो : मला नाही सोसवणार. बेर्निएच बोलणार. तो बोलला की कुणाला काही वाटत नाही, पण कुणी हसतही नाही. सिनेमा धंदा आहे, बुस्के.

ओदिल : धंद्याचंच बोलायचं तर एक विचारू? काओरला काय करणार? तिथं अख्खा गाव यांना लंगोटीत असल्यापासून ओळखतो. यांचं तोंड आणि बेर्निएचा आवाज दिसला-ऐकला की खुर्च्या शिल्लक राहतील का?

बुस्के : महापौरांनी बँड सांगितलाय. माझी चुलतबहीण खाटकाकडे दिली आहे, ती चाळीस माणसं घेऊन येणार आहे. ती माणसं शांत बसणारी नाहीत, एवढं सांगतो.

प्रुव्हो : खाटकाची माणसं. वा! हे बरं सांगितलंत. ओदिलबाई, समजा एक प्रत वेगळी काढली? फक्त एक. हा आत्ताचा आवाज घालून. ती काओरला द्यायची, तिथल्या तिथं चालवायची, आणि लिमोजच्या वर, पॅरिसच्या बाजूला, एक मैलसुद्धा येता कामा नये.

ओदिल : काढता येईल. आवाज जुळवणारा मिक्सिंगवाला शिव्या देईल, पण काढेल.

प्रुव्हो : उरलेल्या फ्रान्सात बेर्निए. बुस्के, नीट ऐका आणि मग हो म्हणा. पॅरिसात तुमचा चेहरा दिसेल, त्यातून दुसराच बोलेल. लोक रस्त्यात थांबवून तुम्हाला म्हणतील, काय गोड आवाज हो तुमचा, आणि तुम्हाला गप्प बसावं लागेल. कागदावर सही घेईन मी तशी. वर्तमानपत्रांत चकार शब्द नाही.

ओदिल : हे म्हणजे हात तोडून अंगठी देण्यासारखं झालं. बुस्के, तुम्ही नाही म्हणा. सरळ नाही म्हणा! मी साक्ष देईन, हवं तर समीक्षकांना पत्र लिहीन. तीस वर्षांनी माणसाला एवढंसं मिळावं आणि तेही चोरून? काय आहे काय त्या काओरच्या थिएटरात?

बुस्के : एकशे दहा लाकडी खुर्च्या. पावसात उजवीकडून गळतं.

ओदिल : बघा!

प्रुव्हो : लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज येतोय. मला उत्तर हवं, बुस्के. बेर्निए एकदा वर आला की मी तुमच्याशी बोलूसुद्धा शकणार नाही, त्याला दुसऱ्या नटाशी बोललेलं चालत नाही.

बुस्के : कागद द्या. सही कुठे करू?

ओदिल : बुस्के! अहो, पॅरिसला तुमच्या तोंडून तो बोलणार.

बुस्के : बोलू द्या त्याला. पण ओदिलबाई, तो वर यायच्या आत ते शेवटचं वाक्य पुन्हा घेऊ या का? आईला हल्ली ऐकूही जरा कमीच येतं. थोडं मोठ्यानं म्हणतो.