जेवून आलात नं?

“जेवून आलात नं?” हिंगोलीच्या दातांच्या दवाखान्यात नर्स मिनाताईनं विचारलं, तेव्हा बाकावरच्या तिघांनीही माना हलवल्या. सुजलेला गाल धरून बसलेला बजरंग, आणि त्याच्या शेजारी साखरा गावचे ज्ञानबा अन् त्यांची बायको कौशल्याबाई. मिनाताई आत गेली.

“काहून थरथरून राहिली गं?” ज्ञानबांनी बायकोला विचारलं.

“काई न्हाई. घाम आला जरा.”

“शुगरची गोळी घेतली नं सकाळी?”

“घेतली. चुकवायची न्हाई म्हणले व्हते डॉक्टर.”

“आन् भाकर?”

“दात निघाल्याबिगर अन्नाला शिवणार न्हाई, असं देवाला बोलले. तिसरी खेप हाय आपली, दोनदा तसंच माघारी गेलो.”

“मंग जेवले म्हणून मान काहून हलवली?”

“उपाशी म्हणलं असतं तर परत धाडलं असतं.”

हे ऐकून बजरंगानं आतल्या दारातून मिनाताईला हाक मारली. मिनाताईनं म्हातारीच्या बोटातलं रक्त तपासलं आणि साखरेचं पाणी आणलं.

“आजी, प्या हे.”

“साखर बंद हाय मला. तुमच्याच डॉक्टरनं सांगितलं.”

“उपाशीपोटी गोळी घेतल्यानं साखर फार उतरली आहे. आत्ता हेच औषध आहे.”

“पी गं. देवाला मी सांगतो.”

कौशल्याबाईंनी डोळे मिटून पेला रिकामा केला. घटकाभरानं हातांची थरथर थांबली.

“आज दात काढायचा नाही, आजी. सोमवारी जेवून या.”

“सोमवारचा उपास असतो माझा.”

“मग मंगळवारी.” मिनाताईनं थकून पुढचा कागद उचलला. “बजरंग, चला. तुम्ही तर जेवलेले आहात.”

बजरंगानं चपला पायात सरकवल्या.

“न्हाई, ताई. जेवून येतो.”