बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत

...आणि बोर्ड मीच लावला, तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नाही. बंगळूरला तीन वर्षं हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेलो, दोन हजार चार साल, घोडेगावातल्या आमच्या हॉटेलात क्रांती करायची होती ना मला... आता हॉटेल म्हणजे काय? नव्वदच्या सुमारास आप्पांनी, माझ्या वडिलांनी, पत्र्याखाली चार बाकडी टाकलेली. मग शेजारच्यानं 'फॅमिली रूम' काढली म्हणून आप्पांनीही एक पडदा लावला, मग सगळा रस्ता पनीर खायला लागला, मग टेबलावर बडीशेप आली... पण बाजारच्या दिवशी डोंगराकडची माणसं फडक्यात नाचणीची भाकरी बांधून यायची आणि आप्पा त्यांना नुसता रस्सा विकायचे, वर मागेल तितका वाढायचे. मी म्हटलं, "आप्पा, हे जगात कुठं चालत नाही."

"जग कवा आलं व्हतं आपल्याकडं जेवाया?"

तरी बोर्ड मीच लावला.

पहिल्याच बाजारी तळेघरचे कुशाबा आले. हॉटेल उघडल्यापासूनचं गिऱ्हाईक, कोपऱ्यातलं बाकडं त्यांचंच. त्यांनी फडकं सोडलं, मी बोर्डाकडं बोट केलं... बोट, तुम्हाला सांगतो, तोंडानं बोलायची हिंमत कुठली? त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं, गाठ परत बांधली. "बरुबर हाय, राव. आमीच चुकलो." शिव्या दिल्या असत्या तर झोप तरी लागली असती.

मग आलेच नाहीत. एक बाजार, दुसरा, तिसरा... आप्पा ते रिकामं बाकडं पुसायचे आणि माझ्याकडं बघायचे नाहीत. शेवटी बोर्ड काढला, डबाभर रस्सा घेतला, एसटी चुकली म्हणून निम्मी वाट चालत तळेघर गाठलं. दारात कुशाबांची बायको, लंकाबाई. पाठ केलेली माफी विसरून मी नुसता डबा पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या भायेर, पावणं. भायेरचं खायाचं आमच्यात चालत न्हाई."

आत कुशाबा खोकल्यासारखे हसले. मग नाचणीची भाकरी आली, लंकाबाईंचा रस्सा आला, मान खाली घालून खाल्लं, आणि मागेल तितका वाढला हो त्यांनी...

पुढच्या बाजारी कुशाबा आले. कोपऱ्यात बसले, फडकं सोडलं, पिशवीतून लंकाबाईंच्या रश्शाची किटली काढली. "तुमी फकस्त पाणी द्या." तेवढ्यात आप्पा गल्ल्यावरून उठले, त्यांच्यासमोर जाऊन बसले, वास घेतला आणि म्हणाले, "ऋषी, मलाबी एक रिकामं ताट आण."

आणलं. करतो काय? बोर्ड मीच लावला होता.