लिफ्ट नाही, पास्ता अडकलाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे आदरणीय मालक. मुद्दाम वेळ काढून व्यासपीठावर आलेल्या, सत्कारमूर्तींच्या मातोश्री. ज्यांच्यासाठी आज हे वर्कशॉप पहिल्यांदाच झाडून-पुसून निघालं त्या सत्कारमूर्ती. आणि हातची कामं टाकून आलेल्या माझ्या मेकॅनिक बंधूंनो,

मालक मघाशी कानात म्हणाले, "दोनच मिनिटं बोल, आणि भडकू नकोस." पहिलं जमेलसं वाटत नाही. दुसऱ्याचा प्रयत्न करतो. इथे माझं नावच भडकू पडलंय, त्याला काय करणार?

आमच्या या लिफ्ट दुरुस्ती कंपनीत सत्कारमूर्ती तक्रारीचे फोन घेतात. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की आपण पोचेपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे त्यांचं काम. उद्यापासून त्या दुसऱ्या शहरातल्या शाखेत. तुम्ही सगळे त्यांना ताई म्हणता. मी एकटाच मॅडम म्हणतो. का, हे कधी कुणाच्या डोक्यात आलं का? नाही ना? बरंच झालं.

कॉलेज मी मधेच सोडलं. सरांशी वाजलं, तडक बाहेर पडलो. मग घरीही वाजलं, इथे कामाला लागलो आणि खोली घेऊन राहू लागलो. एका रविवारी पास्ता करायला घेतला. थंड पाण्यातच सगळा ओतला, आच मोठी केली, आणि गेलो अंघोळीला. येऊन बघतो तर पातेल्यात एकच गोळा. पालथं केलं तरी पडेना! अशा वेळी माणूस कुणाला फोन करतो? मला एकच नंबर पाठ होता.

"तक्रार विभाग. कुणी अडकलंय का?"

"लिफ्ट नाही, पास्ता अडकलाय. पातेल्याला."

पलीकडून तोच कामाचा आवाज, "घाबरू नका. ओढाताण करू नका. तुम्ही एकटेच आहात का?"

"एकटाच आहे," मी म्हणालो, आणि पातेलं ओट्यावर आपटलं.

"भडकू, तू होय! आधी आच कमी कर."

तेव्हापासून दर रविवारी फोन. मालक, भुवया उंचावू नका, दुसरी लाइन मोकळी आहे का, हे मी आधी विचारायचो. पाणी खळखळल्यावरच पास्ता सोडायचा, मीठ सढळ हाताने. शेजारी मंद आचेवर लोण्यात लसूण, टोमॅटो. पास्ता पूर्ण शिजायच्या आत काढायचा, दाताला किंचित लागला पाहिजे. "उरलेला रसात शिजतो. सगळं तूच शिजवायला जाऊ नकोस," हे मॅडमचं वाक्य. आणि ते पाणी ओतून देण्याआधी वाटीभर बाजूला ठेवायचं, पुढे कोरडं पडलं तर लागतं.

आज छातीठोकपणे सांगतो, अंगात कणकण असो की दिवसभर बोलणी खाल्लेली असोत, माझा वाडगाभर पास्ता पोटात गेला की जिवाला बरं वाटतं. तुमच्यासाठी मागच्या खोलीत तोच केलाय.

आता मुद्दा. उद्यापासून तक्रारीचा नंबर तोच राहील, आवाज बदलेल. मॅडमचा स्वतःचा नंबर माझ्याकडे नाही. मातोश्री, चोरून नाही, तुमच्यासमोर मागतोय. पास्ता मला आता येतो. फोन पास्त्यासाठी करायचा नाहीये. मॅडम, इथेच थांबतो. पूर्ण शिजायच्या आत काढलंय.

कोण रे तो मागे शिट्टी मारतोय? बाहेर भेट! नाही, नाही मालक, भडकलो नाही.

काय म्हणालात मॅडम? वाटीभर पाणी ठेवलंय का? ठेवलंय की!

ऐकलंत सगळ्यांनी? "मग नंबर जेवताना देते. आणि ते मॅडम-मॅडम बंद कर." ठीक. ताई तर म्हणणार नाहीच. काय म्हणायचं, ते फोनवर विचारीन.

मालकांनी माइक काढून घेतला नाही, मातोश्रींनी पायातली चप्पल पायातच ठेवली, तुम्ही ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात आणि पास्त्यात मीठ कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. चला, उठा आता. गार झाला की पुन्हा गोळा होतो.