चष्मेवाल्याचे हंगाम

बाबांचा तो शेवटचा धडधाकट दिवस. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता, म्हणून त्यांनी शेजारी बास्केटबॉल मांडीवर घेऊन बसलेल्या शाळकरी मुलीशी गप्पा जमवल्या. पलीकडे त्यांची लेक मासिक उघडून ऐकत होती.

"आजोबा, सगळ्यात भारी खेळाडू कोण?"

"चष्मा लावून खेळायचा तो! सहा अजिंक्यपदं, पोरी, सहा!"

"चष्मा लावून? काहीतरीच!"

"अगं, खरंच! चाळिशी उलटली तरी मैदान सोडेना. एकोणीस हंगाम खेळला गडी."

"एवढं पाठ कसं हो तुम्हाला?"

"मुलाला सांगायचो ना रोज."

"आणि या ताईला?"

"तिला कुठली आवड! ती आपली पुस्तकात डोकं घालून."

लेकीने न वाचताच पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खुर्चीत बसल्याबसल्या गेले. आठवड्याने पाहुणे पांगल्यावर ती त्या खुर्चीसमोर बसली.

"बाबा, एकोणीस नाही, वीस हंगाम. तिथेच सांगणार होते, पण त्या पोरीचा इतका हेवा वाटला की तोंडच उघडेना. तुम्ही दादाला सांगायचात ना, तेव्हा रोज मी दाराआड उभी असायचे."