किटली गरम कशी?

(दोघींचं शिवणकामाचं छोटं दुकान. सकाळी शटर नुकतंच वर गेलं आहे.)

नणंद : हात लाव. लाव म्हणते ना. किटली आहे ती, विंचू नाही.

भावजय : गरम आहे, ताई.

नणंद : हं. आणि आत्ता दुकान कुणी उघडलं?

भावजय : तुम्ही.

नणंद : मी. कुलूप मी काढलं, शटर मी वर केलं. तू माझ्या मागून आलीस, डबा काखोटीला मारून, जांभया देत. मग हिच्यात पाणी कुणी तापवलं? तुझ्या नवऱ्याने? त्याला स्वतःच्या घरात गॅस कुठून पेटतो ते ठाऊक नाही. माझाच भाऊ आहे, मी ओळखून आहे.

भावजय : कालची ऊब असेल.

नणंद : रात्रभर? किटली आहे की अंड्यांवर बसलेली कोंबडी?

भावजय : मग आपोआप लागली असेल. खटका सैल झालाय तिचा.

नणंद : आणि प्लगही आपण होऊन भिंतीत जाऊन बसला. काल निघताना वायर गुंडाळून मी स्वतः बाजूला ठेवली होती. मुद्दाम.

भावजय : मुद्दाम?

नणंद : मुद्दाम. परवाही गरम लागली होती, तेव्हा म्हटलं आपल्यालाच भास झाला. त्याच्या आधी एकदा तुझा कप पालथा घातलेला होता आणि खाली ओलं. रात्रभरात वाळलं नसतं का ते? तेव्हाही मी गप्प बसले. म्हटलं, बघू या कुठवर जातंय.

भावजय : तुम्ही बसा तरी. मी चहा करते.

नणंद : नको. तुझ्या हातचा चहा आज माझ्या घशाखाली उतरायचा नाही. पाण्याची कळशी दे इकडे, मीच करते.

भावजय : जरा बेतानं भरा, ताई.

नणंद : आता पाणी भरायलाही तुझ्याकडून शिकू? झालं भरून. लागला बघ दिवा. आता मला सांग, माझ्या खुर्चीवरची उशी कुणी हलवली?

भावजय : कुठली उशी?

नणंद : माझी. मी ती पाठीशी ठेवून जाते. आज ती बसायच्या जागेवर आहे. तू बुटकी, तुला माझ्या मशीनवर बसायचं तर खाली उशी घ्यावीच लागणार. बोल की.

भावजय : झाडताना हलली असेल.

नणंद : झाडलंस कधी? आत्ता तर आलीस ना? सापडलीस की नाही? तुझं मशीन तिथे धूळ खातंय आणि तू माझ्या मशीनवर बसतेस. म्हणजे काम बारीक टिपेचं. म्हणजे गिऱ्हाईक तालेवार. चौकातली ती नवीन तयार कपड्यांच्या दुकानाची बाई हल्ली तुला बघून फार गोड हसते. मला काय दिसत नाही?

भावजय : ताई, किटली.

नणंद : विषय बदलू नकोस.

भावजय : उतू चाललीय.

नणंद : अगं बाई. फडकं दे, फडकं दे. पडद्याचं कापड होतं ना इथे? भिजलं वाटतं सगळं.

भावजय : नाही भिजलं. मी मघाशीच उचललं.

नणंद : मघाशी म्हणजे? सांडायच्या आधीच?

भावजय : रोजच सांडतं. म्हणून उचलून ठेवते.

नणंद : माझ्याच हातून रोज सांडतं. तू चहा करतेस तेव्हा बरी थेंबभर सांडत नाही. तुझ्या माहेरून आलेली किटली, तुझंच ऐकणार. माझं आपलं जुनं पातेलं बरं होतं, निदान कुणाच्या बाजूनं नव्हतं. बंद कर ती. आणि इकडे माझ्याकडे बघ. बाहेरची कामं घेतेस ना परस्पर?

भावजय : घेते.

नणंद : काय म्हणालीस?

भावजय : घेते म्हटलं. तुम्हीच विचारताय ना? घेते.

नणंद : अशी सरळ सांगतेस? लाज नाही वाटत? लग्न होऊन आलीस तेव्हा बटण लावताना बोट टोचलं तरी रडत बसायचीस. सुईत दोरा ओवण्यापासून मी शिकवलं तुला. काज शिकवलं, कॉलर शिकवली. दुकानाच्या पाटीवर माझ्याबरोबर तुझं नाव यावं म्हणून भावाशी भांडले. आणि तू माझ्याच मशीनवर बसून माझेच पाय कापतेस. चावी ठेव. तुझ्याकडची चावी टेबलावर ठेव आणि घरी जा.

भावजय : ही घ्या.

नणंद : लगेच?

भावजय : तुम्ही ठेव म्हणालात, ठेवली.

नणंद : थांब. जाऊ नकोस. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी एका लिंबावरून हुज्जत घालणारी बाई तू. इस्त्रीवाल्यानं एक चुणी ठेवली तर त्याला दारातून परत पाठवतेस. आणि दुकानाची चावी एका शब्दावर देऊन टाकतेस? हे मला पटत नाही. त्या चौकातल्या बाईचंच काम घेतेस ना, काय शिवलंस तिचं? शर्ट? फ्रॉक?

भावजय : … फ्रॉक.

नणंद : ती फक्त पुरुषांचे कपडे ठेवते. काय लपवतेयस तू?

नर्स : येऊ का आत? ड्यूटीला उशीर होतोय. माझा कोट झाला असेल ना?

भावजय : झालाय, झालाय. पिशवीत घालून देते.

नर्स : अहो, बघू तरी द्या. वा. आता कसं. आता शिवण कुठे आहे ते शोधावं लागतंय. बरं झालं बाई, सकाळी लवकर येऊन करून ठेवते म्हणालात आणि खरंच ठेवलंत.

भावजय : उशीर होतोय ना तुम्हाला?

नणंद : होऊ दे उशीर. काय करून ठेवलं हिनं?

नर्स : खांद्याची शिवण. काळ्या दोऱ्यानं शिवली होती ना, आणि कोट गडद निळा. उन्हात गेलं की खांद्यावर काळी रेघ. वॉर्डातल्या पोरी हसायच्या. काल परत घेऊन आले, तेव्हा तुम्ही आत कुणाचं तरी माप घेत होतात.

नणंद : काळा कसा असेल? तो कोट मी शिवलाय. निळा दोरा लावून.

नर्स : असं होय. मग माझंच बघण्यात काहीतरी…

नणंद : बाई, तुम्ही दिवसभर माणसं तपासता. खरं सांगा.

नर्स : काळाच होता, ताई. येते मी. आणि वहिनी, काल तुम्ही विचारत होतात ना, ते डॉक्टर सोमवारी असतात.

भावजय : बरं. या.

नणंद : कुठले डॉक्टर?

भावजय : काही नाही.

नणंद : दोऱ्यांचा डबा दे इकडे. तू काढू नकोस, मी काढते. हा निळा. आणि हा काळा. बरोबर?

भावजय : पाणी गार होतंय, ताई.

नणंद : बरोबर की नाही ते सांग.

भावजय : दोन्ही काळे आहेत.

नणंद : … इथे उजेड कमी आहे.

भावजय : तुम्ही आधीही म्हणाला होतात. म्हणून बल्ब बदलला मी. मग अजून मोठा आणला.

नणंद : कधीपासून चाललंय हे?

भावजय : शाळांचे गणवेश शिवायला आले, तेव्हापासून.

नणंद : आणि तू पहाटे येऊन माझं सगळं उसवतेस. मग कुलूप लावून बाहेर थांबतेस, आणि माझ्यामागून जांभया देत येतेस.

भावजय : जांभया खऱ्याच असतात. आणि सगळं नाही उसवत. गडद तेवढंच. पांढऱ्यावर तुमची टीप अजून माझ्याहून सरळ येते.

नणंद : लोणी लावू नकोस. माझ्याच मशीनवर का?

भावजय : माझ्या मशीनची टीप लांब पडते. लगेच कळलं असतं.

नणंद : गिऱ्हाइकाला?

भावजय : तुम्हाला. कपडा द्यायच्या आधी शिवणीवरून अंगठा फिरवता ना तुम्ही.

नणंद : तरी मघाशी चोर व्हायला निघालीस. मी खरंच हाकललं असतं म्हणजे?

भावजय : तुम्ही चिडलात तर मला चालतं. दोन दिवसांनी बोलावलंच असतंत, दुसऱ्या कुणाची कॉलर तुम्हाला पसंत पडत नाही. पण तुमच्याच हाताचं काम तुमच्यासमोर धरून हे चुकलंय म्हणायचं, ते माझ्यानं होईना.

नणंद : मला अगदीच कळत नव्हतं असं नाही गं. सुईत दोरा ओवायला तुला हाक मारायचे, म्हणायचे तुझे हात मोकळे आहेत म्हणून. हल्ली दोरेच खराब येतात, असं मनाशी घोकायचे. भीती वाटत होती. शिवणकाम सुटलं तर मी दिवसभर करू काय? मला दुसरं काहीसुद्धा येत नाही.

भावजय : मोतीबिंदू असेल नुसता. नर्सबाई म्हणाल्या, काढतात आणि माणूस परत मशीनवर बसतो. सोमवारी जाऊ. मी येते बरोबर.

नणंद : माझ्यामागे डॉक्टरसुद्धा ठरवून मोकळी. महालबाड आहेस. ती चावी उचल आधी, कापडावर गंजाचा डाग पडेल.

भावजय : उचलली.

नणंद : आणि उद्यापासून पहाटे यायचं नाही. गडद तू शिव, माझ्या मशीनवर, माझ्यासमोर. पांढरं मी. आणि ही किटली? हिचं काय बिघडलंय?

भावजय : काही नाही. आत वरच्या अंगाला रेघ आहे. पाणी तिच्या वर गेलं की सांडतं.

नणंद : आत रेघ आहे?

भावजय : आहे.

नणंद : बरं. ओतून टाक ते पाणी. मी नव्यानं भरते. तू इथे माझ्याशेजारी उभी राहा आणि रेघ आली की सांग.

भावजय : ओता. अजून. अजून जरासं. बस.

नणंद : बस? एवढंच?

भावजय : दोघींना पुरतं, ताई.