आईच्या मुठीचं खुरपं

आई : ...आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस. तुझ्या कपाटातला साधा कागद तरी मी कधी रद्दीत घातला?

मुलगा : कागदाची गोष्ट वेगळी. तुझी ती खुरपी म्हणजे गंजकी पाती होती, सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेली. भंगारवाला दारात आला, देऊन टाकली.

आई : गंजकी? रोज काम झालं की तेलाचं बोट फिरवत होते मी त्यांच्यावरून. कधी हातात घेऊन पाहिलंस?

मुलगा : म्हणून तर नवीन आणली ना. खुरपं, पंजा, छोटं फावडं, सगळं एका पेटीत. दुकानात याहून चांगली नव्हती.

सून : खरं काय ते सांगा की त्यांना. आई, परवा ह्यांच्या साहेबांच्या पत्नी आपल्याकडे आल्या, तेव्हा बागेत गेल्या होत्या. तुमचं खुरपं उचलून म्हणाल्या, हे काय, गुहेतल्या माणसाचं का? सगळे हसले. हेही हसले.

मुलगा : हे आत्ता सांगायची गरज होती?

सून : खुरपी तर गेलीच. कशापायी गेली, ते तरी कळू दे त्यांना.

आई : असं होय. म्हणजे गंज नव्हता, लाज होती.

मुलगा : लोक काय म्हणतील, आई? मुलगा एवढ्या हुद्द्यावर, आणि आईला धड खुरपं घेऊन देत नाही.

आई : लोकांच्या हाताला शोभतं ते लोकांना दे. बिस्किटांच्या कारखान्यात मशीनच्या पट्ट्यात सापडला होता हा अंगठा. राहिला, पण वळत नाही. तेव्हापासून बाजारातलं एकही अवजार या हातात टिकलं नाही. मग मीच करवतीचं पातं कापलं, कानशीनं घासलं, जाड मूठ तासली, मनगटाला पट्टा लावला. एका मुठीनं तळहाताला फोड आले. एक दगडावर आपटली नि दुभंगली. किती वाया गेल्या, तेव्हा कुठे एक जमली, मग तिच्यासारख्या बाकीच्या. त्या तू उचलून दिल्यास.

मुलगा : चुकलं माझं. पण नवीन वापरून तर बघ.

आई : तू बघ. सूनबाई, ती चिंधी दे इकडे. हात पुढे कर रे. अंगठा सरळ ठेव.

(आई त्याचा अंगठा शेजारच्या बोटाला घट्ट बांधते.)

आई : घे तुझं नवं खुरपं. मिरचीच्या वाफ्यातलं गवत काढ.

मुलगा : हातात गरगर फिरतंय हे.

आई : फिरणारच. काढ.

मुलगा : जोर लावला की निसटतंय. आई, रोपच उपटलं गेलं.

आई : जाऊ दे. पुढचं काढ.

मुलगा : बास ना आता. मनगट भरून आलं.

आई : माझं भरून यायचं तेव्हा बास म्हणायला कोण होतं? तुम्हाला खाऊ घालायला ही भाजी लागायची.

मुलगा : ...मला माहीत नव्हतं.

आई : विचारलं नव्हतंस.

सून : सकाळी मी भंगारवाल्याकडे जाऊन आले, आई. आपला माल दाबून, गठ्ठे बांधून गाडीतून गेलासुद्धा. मग म्हटलं, करवतीचं पातं असेल तर दे. हे मिळालं.

आई : बघू. हं, चांगलं आहे. लवतं, पण मोडायचं नाही.

मुलगा : मी आमच्या वर्कशॉपमधून करून आणतो. मशीनवर अगदी गुळगुळीत होईल.

आई : नको. म्हणजे मला काय हवं ते पुन्हा दुसऱ्यानंच ठरवायचं. माझं मी करीन.

मुलगा : मग मी काय करू?

आई : आधी ती चिंधी सोड. पायरीवर बस. पात्याचं हे टोक धर, मी कानस चालवते. हलू देऊ नकोस.

मुलगा : असं?

आई : थोडं माझ्याकडे सरक.